मुरलेलं शिसं

वारा पडला की शिसं ओतायचं आणि वारा उठला की हात आवरायचा, हा आळीतला जुना नेम. धूर डोळ्यांत जातो म्हणून. दुसरं काही कारण असेल, असं कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून वारा मेल्यासारखा पडला होता. तळ्यावरची मासेमारीची बंदी उठायला आली होती आणि काठावरच्या प्रत्येक घरात जाळी उसवून पसरली होती. प्रत्येक जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी लागतात, जाळं बुडावं म्हणून, आणि ते ओतून द्यायचं काम या आळीचं. जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या, फुटके नळ, भंगारात येईल ते शिसं कढईत वितळवायचं, वर तरंगणारी मळी काढून टाकायची आणि लांब दांड्याच्या पळीनं साच्यात सोडायचं.

थोरली चुलीपाशी उकिडवी बसली होती. माहेरी ती थोरली आणि सासरीही थोरली सून, म्हणून सगळी आळी तिला थोरलीच म्हणे. तिच्या पळीची धार कधी तुटत नसे. नवरा ओतारी, पण ओतायची ती. तो साचे उघडायचा, गरम मणी काठीनं पाडायचा, कढईत भर टाकायचा.

"चल, ही संपली. बाजूला हो, दुसरी चढवतो," ओतारी म्हणाला.

"होते."

ती झाली नाही. उजवा पाय उचलायला गेली आणि मांडीच्या मुळाशी कुणीतरी पहार घालून फिरवावी तसं झालं. तिनं जमिनीवर हात टेकला. परत जोर केला. पळीत उरलेलं शिसं तोवर थिजून गेलं, वर साय आल्यासारखं.

"अगं, कढई गार होतेय."

"होते म्हटलं ना!"

शेवटी तिनं दोन्ही हात पुढं टेकले आणि रांगत रांगत भिंतीपर्यंत गेली. कुंपणापलीकडं नावाडी होडीच्या फळीला डांबर लावत होता. त्यानं मान वर केली.

"काय वहिनी, या वयात घोडा घोडा? पाठीवर कुणाला बसवायचंय?"

थोरली हसली. हसता हसता तिचा चेहरा असा वाकडा झाला की नावाड्यानं ब्रश डब्यात टाकला आणि कुंपण ओलांडून आला. दोघा पुरुषांनी बगलेत हात घालून तिला उभं केलं. उजवा पाय टेकत नव्हता.

तशी कळ वर्षभर होतीच. पण ती गुडघ्यात यायची. म्हणून वर्षभर गुडघा चोळला, शेकला, त्याला फडकं बांधलं. मालिशवाल्यानं तर गुडघ्यात वारं भरलंय म्हणून अंगठ्यानं दाबून तिला रडवली. गुडघा बिचारा निर्दोष होता. दुखणं होतं खुब्यात आणि बोंब मारत होता गुडघा.

पुढचे काही दिवस ओताऱ्यानं युक्त्या करून पाहिल्या. खाली बसता येत नाही, तर माशांच्या खोक्याच्या फळ्या ठोकून त्यानं उंच पाट केला. पण धार उंचावरून पडली की फुटते. साच्याच्या तोंडावर शिशाचे शिंतोडे उडायचे, मण्यांत पोकळ्या राहायच्या. जाळी विकणारा व्यापारी माल बघायला आला तेव्हा त्यानं एक मणी उचलला, डोळ्यासमोर धरला आणि आरपार बघितल्याचं नाटक केलं.

"हे मणी आहेत का चाळणी?"

"पहिला घाणा आहे. पुढचा नीट निघेल," ओतारी म्हणाला.

"पुढचा घाणा टोकाच्या घरात टाकू का? त्यांच्याकडं पोरी आहेत, खाली बसणाऱ्या." असं म्हणून त्यानं मणी थोरलीच्या पाटाखाली घरंगळत सोडला. थोरलीनं सवयीनं तो उचलायला वाकायचा प्रयत्न केला. मणी राहिला तिथंच. व्यापाऱ्यानंच पायानं तो परत तिच्याकडं ढकलला.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच. संडासात उकिडवं बसणं बंद झालं. ओताऱ्यानं एक जुनी खुर्ची सुताराकडं नेली आणि बैठकीला मधोमध भोक पाडायला सांगितलं.

"खुर्चीला भोक? आणि ते कशाला?" सुतारानं चार गिऱ्हाइकांच्या देखत विचारलं.

ओतारी म्हणाला, "कुंडी ठेवायचीय. झाडाची."

सुतारानं भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि खुर्ची देताना हळूच म्हणाला, "झाडाला टोचायला नको." संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. थोरलीनं त्या खुर्चीवर बसायला दोन दिवस नकार दिला. तिसऱ्या दिवशी निमूट बसली.

शेवटी बंदी उठायच्या आत तालुक्याच्या मोठ्या इस्पितळात जायचं ठरलं. नावाड्यानं होडीतून पलीकडच्या काठाला सोडलं, तिथून मोटार मिळाली. इस्पितळात फोटो काढला आणि एका तरुण डॉक्टरीणबाईनं तो उजेडाच्या पेटीवर लावून दाखवला.

"मावशी, हा डावा खुबा. मांडीच्या हाडाचा हा गोळा, आणि ही त्याची वाटी. वाटीत गोळा कसा छान बसलाय बघा. आता उजवा बघा."

उजव्या बाजूला गोळा नव्हताच. चपटं, पोचा आलेलं काहीतरी वाटीच्या कडेला घासत होतं.

"आतल्या आत हाड मेलंय आणि खचलंय. पडला होतात कधी? कसल्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्यात? दारू?"

"दारू मी? ती यांच्या वाटणीची."

ओतारी छताकडं बघायला लागला. डॉक्टरीणबाई हसली. "काम काय करता?"

"शिसं ओततो," थोरली म्हणाली. "जाळ्यांना लागतं ते."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून. त्याआधी बापाकडं. तिथंही तेच."

डॉक्टरीणबाई हसायची थांबली. थोडा वेळ फोटोकडंच बघत राहिली. मग म्हणाली, मोठे डॉक्टर हा गोळा काढून त्याजागी धातूचा बसवतील. चालता येईल, पण उकिडवं पुन्हा कधी बसायचं नाही. आणि काढलेलं हाड आपल्याला हवं आहे, द्याल का?

"काढलेल्या हाडाचं काय करणार तुम्ही?" ओतारी संशयानं म्हणाला.

"बाबा, हाडात चुना असतो हे माहीत असेल. त्याखेरीज आणखी कितीतरी गोष्टी असतात. जस्त, तांबं, लोखंड. अगदी कणभर, पण त्या कणांवर हाडाची तब्येत चालते. काही नको ते कणही शिरतात. ज्यांचे खुबे जातात, त्यांच्या हाडात या कणांचा तोल बिघडलेला असतो का, ते आम्ही शोधतोय."

"न्या बाई," थोरली म्हणाली. "मी का ते मीठ लावून मुरवत ठेवणार आहे?"

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं हट्ट करून तो गोळा बघितला. काचेच्या बरणीत, पाण्यात भिजून सुटत आलेल्या साबणाच्या वडीसारखा. इतकी वर्षं आपण यावर उभ्या होतो, यावर बसून ओतलं, यावर लेकीला कडेवर घेतलं, याचं तिला नवल वाटलं. किळस वाटली नाही. थोडी दयाच आली.

लेक आली ती या सुमाराला. ही एकुलती एक. थोरलीनं तिला आळीत द्यायची नाही असा हट्ट धरला होता. आळीतली दोन चांगली स्थळं तिनं परतवली, सासूशी भांडली, नवऱ्याशी अबोला धरला आणि लांब डोंगराकडच्या गावात, मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका शांत माणसाला तिला दिली. शिसं वाईट असतं असं तेव्हाही तिला माहीत नव्हतं. पोरीच्या हातावर गरम शिशाचे डाग पडू नयेत, एवढंच होतं. तिच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत देवीच्या वणासारखे डाग होते.

लेक गरोदर होती. पोट दिसायला लागलं होतं. आईला चालवायला, जेवू घालायला ती राहिली. धातूचा खुबा घेऊन थोरली लोखंडी चौकट पुढं ढकलत अंगणात फेऱ्या मारायची आणि लेक मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालायची.

"आई, पाऊल पूर्ण टेक."

"टेकतेय. तू बस बरं त्या पायरीवर. दोघी पडलो तर उचलायला एकच म्हातारा आहे."

म्हातारा एकटाच ओतत होता. त्याची धार बायकोसारखी नव्हती, पण व्यापाऱ्याला घाई होती आणि घाईला डोळे नसतात. लेकीनं एकदा मण्यांच्या कडा तासायला चाकू घेतला. लहानपणी तेच तिचं काम होतं. कडा तासायच्या, मणी दोरीत ओवायचे, ओवताना दोरीचं टोक दातांत धरायचं. थोरलीनं लोखंडी चौकट तिथंच आपटली.

"ठेव तो चाकू. तुझं ते संपलं. मी सोडवलंय तुला त्यातून."

लेकीनं हसून चाकू ठेवला.

बंदी उठली. पहिल्याच पहाटे नावाडी ओल्या फळीवरून घसरला आणि होडीच्या काठावर आपटला. त्याच मोटारीतून तो त्याच इस्पितळात गेला आणि त्याच डॉक्टरांनी त्याचाही गोळा बदलला. घरी आला तो बढाया मारतच.

"वहिनी, तुमची नक्कल केली. पण फरक आहे हां. तुमचा खुबा सडलेला, माझा ठणठणीत. नुसता मोडला. ती डॉक्टरीण म्हणाली, काका, तुमचं हाड द्या, मावशींच्या हाडाशी ताडून बघायला निरोगी हाडाचा नमुना पाहिजे. एकाच गावचं पाणी, एकच खाणं, वय तेच, पण शिशाचं काम नाही." त्यानं छाती पुढं काढली. "इतकी वर्षं बायको मला नमुना म्हणायची. आता डॉक्टरही म्हणायला लागले."

पुढं आठवड्यांमागून आठवडे गेले. थोरली चौकट सोडून काठीवर आली. लेकीचे पाय सुजायला लागले. आणि एका दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः आळीत आली.

ती आली तेव्हा ओतारी मळी काढत होता. तिनं अंगणातल्या चुलीकडं बघितलं, चुलीपासून हाताच्या अंतरावर असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं, ओसरीवरच्या खाटेखाली सारलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांकडं बघितलं. लेकीनं चहा आणला. डॉक्टरीणबाईनं कप हातात घेतला, चहाकडं बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"नको, मी आत्ताच घेतला."

गावात चहाचं दुकान नव्हतं. थोरलीनं कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत येताना तिचे कान लाल झाले होते.

नावाडीही काठी टेकत कुंपणापाशी आला होता. त्यालाही आत बोलावलं. डॉक्टरीणबाई खोक्याच्या पाटावर बसली.

"मावशी, तुमच्या हाडात शिसं खूप निघालं. खूप म्हणजे, आम्हाला वाटलं तपासायच्या यंत्रातच बिघाड आहे. परत केलं. तेवढंच आलं. जस्त आणि तांबं मात्र कमी. शिसं चुन्याचं सोंग घेतं आणि चुन्याच्या जागेवर जाऊन बसतं."

"म्हणजे खुबा शिशानं गेला," ओतारी म्हणाला.

"तसं म्हणता येत नाही."

"मग शिशानं गेला नाही."

"तसंही म्हणता येत नाही, बाबा."

"अहो, एक काय ते सांगा!" ओताऱ्याचा आवाज चढला. "एवढं हाड नेलंत, एवढे दिवस तपासलंत. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

डॉक्टरीणबाई रागावली नाही. "तेच बघायला काकांचं हाड घेतलं होतं. त्यांचा सांधा चांगला होता. त्यांच्यात शिसं कमी निघालं असतं, तर मी म्हटलं असतं की बघा, शिसं जास्त तिथं खुबा गेला, कमी तिथं राहिला."

"आणि?" नावाडी म्हणाला.

"तुमच्यातही जवळपास तेवढंच आहे."

नावाड्याच्या तोंडावरचं हसू तिथंच राहिलं, उतरायचं विसरल्यासारखं. "मी जन्मात पळी धरली नाही, बाई."

"श्वास तर घेतलात."

"तो न घेता कसं चालेल?"

 डॉक्टरीणबाई म्हणाली, ताडून बघायला या गावचं हाड उपयोगाचं नाही. लांबच्या गावचं घ्यावं लागेल. तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं. पण आळीतल्या कुणाचंच हाड चांगल्यात धरता येत नाही, हे ऐकल्यावर ओतारी चुलीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

लेक दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिनं विचारलं, "काम सोडलं की ते शिसं जातं ना हाडातून?"

"जातं. पण फार हळू. निम्मं जायलाच वीस-पंचवीस वर्षं लागतात."

"मी सोडून सहा वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईनं तिच्या पोटाकडं बघितलं. आल्यापासून ती बघत होतीच, पण आत्ता तिनं ते लपवलं नाही. "लहानपणी तूही काम करायचीस?"

"कडा तासायची. ओवायची."

"उद्या सकाळी इस्पितळात ये. रक्त बघू."

"का?" हे थोरलीनं विचारलं. "तिनं आल्यापासून हात लावलेला नाही. मी लावू दिलेला नाही."

डॉक्टरीणबाई लेकीकडं वळली. मग बोलली, शब्द मोजूनमापून. बाळाची हाडं व्हायला चुना लागतो. आईच्या खाण्यातून पुरला नाही तर तो आईच्या हाडांतून निघतो. आणि चुना निघतो तेव्हा, त्याच्या जागेवर जे बसलेलं असतं, तेही निघतं.

थोरलीला ते एका ऐकण्यात कळलं. तिनं लेकीकडं बघितलं नाही. "माझा गोळा काढलात तसं तिचं हाड काढता येईल का? कुठलं असेल ते?"

"सगळ्याच हाडांत असतं, मावशी."

रक्तात शिसं निघालंच. शिसं बाहेर काढायचं औषध असतं, पण या दिवसांत देत नाहीत, असं इस्पितळात सांगितलं. चुन्याच्या गोळ्या दिल्या, दूध-भाजी भरपूर खा म्हणाले, आणि या घरातून निघून जा म्हणाले. बाळाचं काय होईल? काही होणार नाही, किंवा होईल. आत्ता सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी जावई न्यायला आला. तो ओसरीच्या खाली उभा राहिला, वर चढला नाही. उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला काय करावं ते कळत नव्हतं. थोरलीनंच लेकीची पिशवी भरली. भरताना प्रत्येक कपडा अंगणात झटकला. मग अंगणातच तर सगळं आहे हे ध्यानात येऊन सगळे कपडे परत काढले आणि रिकामी पिशवी हातात घेऊन उभी राहिली.

"तिकडंच नवे घ्या," ती जावयाला म्हणाली. "यातलं काही नेऊ नका."

"आई, मी बाळंत झाल्यावर येते," लेक म्हणाली.

"इथं यायचं नाही. मीच येईन."

लेक गेल्यावर ओताऱ्यानं पहार घेतली आणि चूल फोडली. विटा फुटेपर्यंत घाव घातले, साचे तळ्यात फेकायला निघाला. थोरलीनं त्याला अडवलं नाही. नावाड्यानं अडवलं.

"तळ्यात नको टाकूस रे. पाणी पितो आपण."

साचे भिंतीशी राहिले. काही दिवस घर शांत होतं. थोरलीनं खिडक्या पुसल्या, भांडी घासली, जमीन परत परत सारवली. फडकं दरवेळी करडंच निघायचं. ओतारी कामाच्या शोधात काठावर गेला. माशांची खोकी उचलायला त्याला घेतलं, पण दुपारपर्यंत त्याच्या मनगटातलं बळ गेलं, एक खोकं निसटलं आणि मासे वाळूत पसरले. मुकादमानं शिवी दिली नाही, नुसतं दुसऱ्या माणसाला बोलावलं. ओतारी मासे वेचून, धुऊन, खोक्यात भरून घरी आला. आल्यावर जेवला नाही.

"दुसरं काही येत नाही मला," तो म्हणाला.

थोरली म्हणाली, "मला तरी कुठं येतं."

व्यापाऱ्यानं माल टोकाच्या घरात टाकला होता. त्या घरच्या पोरी खाली बसून ओतत होत्या. थोरली काठी टेकत तिथं गेली, पोरींच्या आईला म्हणाली, पोरींना उठव, हे हाडात जातं. पोरींच्या आईनं तिला बसायला दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थोरले, तुझं काम गेलं म्हणून म्हणतेस, की खरंच म्हणतेस?"

थोरलीनं काठी उचलली. ती घरी आली.

थंडी पडायच्या सुमाराला ओताऱ्यानं चूल परत बांधली. घरापासून लांब, पार पाण्याच्या काठाला. सकाळचा वारा तळ्याकडून घराकडं यायचा आणि धूर सगळा दारात आणून टाकायचा. थोरली दार लावून घ्यायची. काही दिवसांनी लावायचं सोडलं. मग काठी घेऊन काठावर जायला लागली, नुसती बघायला. मग पाटावर बसून मणी ओवायला लागली. बोलणं असं काही झालं नाही.

लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. वीतभर, पण रडली. फोनवर ते रडणं ऐकून ओतारी अख्ख्या आळीत सांगत फिरला. पुढं मात्र फोनवर लेक बाळाबद्दल कमी बोलायला लागली. आईचा पाय कसा आहे, बाबा जेवतात का, हेच विचारायची. थोरलीनं खोदून विचारलं की म्हणायची, "वेळ लागेल तिला जरा, असं म्हणतात."

बाळ आठवा महिना ओलांडून गेलं तेव्हा थोरली एकटी निघाली. जायच्या आदल्या दिवशी गावाबाहेरच्या दुकानातून नवे कपडे घेतले आणि ते घरी न आणता नावाड्याच्या पलीकडच्या काठावरच्या बहिणीकडं ठेवले. तिथं अंघोळ करून, ते घालून मोटारीत बसली. हातात काठीखेरीज काही नव्हतं. नातीला पहिल्यांदा बघायला जायचं आणि हात रिकामे. पण घरातलं काय नेणार?

लेकीच्या घरी सगळं स्वच्छ होतं. जावयानं तिला उंच खुर्ची दिली, पाठीला उशी दिली. नात खाटेवर चारी बाजूंनी उशा लावून ठेवलेली. अंगानं बरी होती. गोरीपान, ओठ लेकीसारखे. थोरलीनं टाळी वाजवली. नात खिडकीकडं बघत राहिली. परत वाजवली. नातीनं बऱ्याच वेळानं मान वळवली, ती टाळीच्या दिशेला नाही, उगाच. उशी सरकली तशी ती एका कुशीला कलंडली आणि कलंडलेलीच राहिली. रडलीसुद्धा नाही.

"बसत नाही अजून," लेक म्हणाली. "पालथी पडत नाही. इथले डॉक्टर म्हणतात, लवकर जन्मलेल्या मुलांचं असं होतं कधी कधी. मी त्यांना शिशाचं सांगितलं. त्यानं झालं का, विचारलं."

"काय म्हणाले?"

"तसं म्हणता येत नाही म्हणाले."

लेकीनं नातीला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. थोरलीनं हात मागं घेतले.

"धर ना गं. धुतलेत की हात."

थोरलीनं धरलं. नातीचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं, ओल्या कपड्यासारखं, पूर्ण भार टाकून. 

"मला एकदा बोल तरी," थोरली म्हणाली. "शिव्या दे. तुझा हक्क आहे."

"काय बोलू? तुला कुठं माहीत होतं?"

"नव्हतं माहीत."

"मग?" लेकीनं नातीच्या तोंडाची लाळ पुसली. "तुझ्या आईला तरी कुठं माहीत होतं."

थोरली दोन दिवस राहिली. निघताना लेकीनं तिला मोटारीपर्यंत सोडलं. पुन्हा कधी येशील, असं तिनं विचारलं नाही आणि येईन असं थोरलीनंही सांगितलं नाही.

ती परत आली तेव्हा ओतारी काठावर साचे उघडत होता. तिला बघून उठून उभा राहिला.

"कशी आहे पोर?"

"छान आहे. कान तुमच्यावर गेलेत, सुपासारखे."

ओतारी हसला. "बसते का?"

थोरलीनं काठी पाटाला टेकवून ठेवली आणि हळूहळू बसली. "बसते."

"आधार न घेता?"

"आधार न घेता."

"ऐकलंस का रे?" ओतारी होडीकडं तोंड करून ओरडला. "बसते म्हणे आमची नात! आधार न घेता!"

नावाडी लंगडत जवळ आला. त्यानं थोरलीच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओताऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मग आता आण म्हणावं तिला इकडं. होडीत घालून तळं दाखवू."

"आणू," थोरली म्हणाली, आणि तिनं दोरी जवळ ओढून घेतली.